मेडिकलच्या काउंटरवरून औषधाच्या दुष्परिणामाची नोंद कशी करावी: खान्देशातील नव्या फार्मासिस्टांसाठी

चोपडा तालुक्यातील केळीच्या पट्ट्यातले एक आबा माझ्या दुकानात जुलाबाची गोळी न्यायला येत. एकदा त्यांनी मला खालच्या ओठावरचा एक लालसर, आग होणारा गोल चट्टा दाखवला. तसाच एक चट्टा डाव्या हाताच्या पंजावर होता. ‘आबा, उष्णता झाली असेल, ताक घ्या,’ असे सांगून मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो. चट्टा बसला, पण काळा डाग मागे राहिला. वर्षभराने त्याच जागी तो पुन्हा उठला. तिसऱ्या वेळी त्यांनी बाजाराच्या गावी दुसरीकडून वेगळ्या कंपनीची पट्टी घेतली आणि चार तासांत ओठ, पंजा आणि या खेपेस जांघेतही फोड आले. तिन्ही वेळा पोटात गेलेले औषध मात्र एकच होते, ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल यांची एकत्र गोळी. ब्रँडचे नाव बदलले, पट्टीचा रंग बदलला, घटक तेच राहिले. त्याच जागी पुन्हा पुन्हा उठणारा आणि जाताना काळा डाग सोडणारा हा प्रकार, म्हणजे फिक्स्ड ड्रग इरप्शन, औषधामुळेच होतो हे मी अभ्यासक्रमात शिकलो होतो. तरीही काउंटरवर तो ओळखायला मला तीन खेपा लागल्या आणि त्याची नोंद मी तिसऱ्या खेपेनंतर केली. पहिल्याच वेळी चार प्रश्न विचारले असते, तर पुढचे दोन त्रास टळले असते.

नुकतीच नोंदणी होऊन दुकानात उभे राहिलेल्या, किंवा स्वतःचे मेडिकल सुरू केलेल्या फार्मासिस्टांसाठी हा लेख आहे. औषधाचा त्रास झाल्यावर माणूस अनेकदा डॉक्टरांकडे परत जाण्याआधी गोळी घेतलेल्या दुकानात येतो, कारण तेथे केसपेपर काढावा लागत नाही आणि तपासणीची फीही नसते. शिवाय औषधाचा ब्रँड, बॅच नंबर, विक्रीची तारीख आणि त्याच दिवशी सोबत घेतलेली इतर औषधे ही सगळी माहिती एकत्र मिळण्याची जागाही तीच असते. तेव्हा ती माहिती कागदावर उतरवण्याचे काम आपल्या वाट्याला येते.

नोंद कोणाकडे जाते

भारतात २०१० साली औषधदक्षतेचा, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचा, राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २०११ पासून त्याचे समन्वय केंद्र गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांची मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेत आहे. देशभरातील अनेक वैद्यकीय महाविद्यालये आणि मोठी रुग्णालये या कार्यक्रमाची निरीक्षण केंद्रे म्हणून काम करतात. त्यांच्याकडे आलेल्या नोंदी तपासल्या जातात, गाझियाबादला जातात आणि तेथून स्वीडनमधील उप्साला येथे जागतिक आरोग्य संघटनेसाठी सांभाळल्या जाणाऱ्या जागतिक साठ्यात पोहोचतात. अशी व्यवस्था उभी राहण्यामागे थॅलिडोमाइडचा इतिहास आहे. १९५७ नंतर अनेक देशांत विकल्या गेलेल्या या गोळीमुळे हजारो बालके हातापायांच्या व्यंगासह जन्मली. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातील आणि जर्मनीतील डॉक्टरांनी आपापल्या रुग्णांवरून संशय उघडपणे मांडला, तेव्हा ती गोळी बाजारातून निघाली. त्यांनी मांडला तो संशयच होता, पुरावा नंतर जमत गेला.

अलीकडचे उदाहरण आपल्या रोजच्या विक्रीतले आहे. पाळीच्या दुखण्यासाठी चिठ्ठीशिवाय सर्रास मागितल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दल नोव्हेंबर २०२३ मध्ये याच कार्यक्रमाने सावधगिरीची सूचना काढली. ताप, पुरळ, गाठी सुजणे आणि यकृतासारख्या आतल्या अवयवांवर परिणाम होणे अशी एक गंभीर ॲलर्जी या औषधाने होऊ शकते, आणि ती गोळी घेतल्यानंतर काही आठवड्यांनीही दिसू शकते, असे तीत म्हटले होते. अशी सूचना देशभरातून आलेल्या नोंदी एकत्र पाहिल्यावरच निघू शकते.

पहिली पायरी: रुग्णाची भाषा ऐकणे

माझ्या मते हीच सर्वांत अवघड पायरी आहे, म्हणून तिच्यावर थोडा वेळ थांबतो. ‘मला औषधाचा दुष्परिणाम झाला आहे’ असे म्हणणारा माणूस मला आजवर क्वचितच भेटला आहे. आपल्याकडचा माणूस ‘गोळी गरम पडली’ म्हणतो, ‘अंगावर पित्त उठले’ म्हणतो, ‘तोंड आले’ म्हणतो. अहिराणी बोलणारी मावशी ‘आंगले खाज सुटनी’ एवढेच सांगते आणि खाजेची ट्यूब मागते. आपण ट्यूब दिली की विषय तेथेच संपतो.

‘अंगावर पित्त उठणे’ म्हणजे पुष्कळदा गांधी येणे, आणि गांधी हे औषधाच्या ॲलर्जीचे अगदी नेहमीचे लक्षण आहे. म्हणून पित्ताची गोळी मागणाऱ्याला ‘पित्त पोटात आहे की अंगावर?’ एवढे विचारावेच. ‘तोंड आले’ असे सांगणारा माणूस सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट घेत असेल, तर ती गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असताना तो रोज घेत नाही ना, हे त्याच क्षणी तपासावे, कारण ही चूक जीवावर बेतू शकते. महिनाभर खोकल्याचे औषध नेणाऱ्या आणि रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल घेणाऱ्या काकूंचा कोरडा ठसका त्या गोळीमुळे असू शकतो. पाय सुजल्याची तक्रार करणारे नाना ॲम्लोडिपिन घेत आहेत का, हे आपल्या बिलबुकावरून आपल्यालाच कळते. साखरेची गोळी घेऊन शेतात गेलेला, जेवण चुकलेला आणि दुपारी घामाघूम होऊन थरथरलेला माणूस ‘ऊन लागले’ असे सांगतो, पण त्याची साखर उतरलेली असू शकते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, ते अपेक्षित आहे आणि त्याने अपाय होत नाही. ते गोळी देतानाच सांगितले नाही, तर घाबरलेला रुग्ण क्षयाचा उपचार मध्येच सोडतो. मात्र त्याच उपचारात डोळे पिवळे झाले, भूक मेली, उलट्या सुरू झाल्या, किंवा इथॅम्ब्युटॉल चालू असताना नजर धूसर झाली, तर ती धोक्याची खूण आहे.

आपल्या भागाच्या काही गोष्टी येथे लक्षात ठेवाव्या लागतात. नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर सिकलसेलचे रुग्ण आहेत, आणि जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेली माणसेही अशा वस्त्यांत आढळतात. या कमतरतेत हिवतापावरील प्रायमाक्विन किंवा कुष्ठरोगावरील डॅप्सोन घेतल्यावर रक्तपेशी फुटू शकतात. अशा वेळी रुग्ण ‘लघवी काळी होते’ असे सांगतो. कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत चक्कर, उलटी, लाळ, घाम अशी तक्रार आली, तर आदल्या दोन दिवसांत फवारणी केली होती का, हे औषधाच्या आधी विचारावे, कारण ती विषबाधा असू शकते आणि तिला लगेच रुग्णालय गाठावे लागते. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी आणि रॅमिप्रिलसारखी गोळी घेणारा माणूस उन्हात राबून वर अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक घेतो आणि त्याच्या मूत्रपिंडावर एकाच वेळी तिहेरी ताण येतो. लघवी कमी झाल्याची तक्रार अशा माणसाकडून आली, तर तिला उन्हाळी म्हणून सोडू नये.

आधी रुग्ण, नंतर फॉर्म

श्वास लागणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, गुंगी, शुद्ध हरपणे, काळी शौच, डोळे पिवळे होणे, तापासोबत अंगावर फोड येऊन तोंड आणि डोळे सोलवटणे यांपैकी काहीही दिसले, तर प्रश्नोत्तरे थांबवून रुग्णाला रुग्णालयात पाठवावे आणि गरज असल्यास १०८ ला फोन करावा. फेफऱ्यासाठी कार्बामॅझेपिन नव्याने सुरू झालेल्या रुग्णाच्या अंगावर पुरळ दिसले, तर ‘दोन दिवस पाहू’ असे कधीही म्हणू नये.

चिठ्ठीवरचे औषध आपल्या अधिकारात बंद करू नये. फेफऱ्याची, हृदयाची किंवा स्टिरॉइडची गोळी अचानक थांबवणेही धोक्याचे असते. अशा वेळी डॉक्टरांना फोन लावून रुग्णाचे बोलणे करून द्यावे. आपण दिलेल्या साध्या गोळीने गांधी उठल्या असतील, तर ती पुढे घेऊ नका असे मात्र स्पष्ट सांगावे. ‘पुन्हा एकदा घेऊन बघा, तेव्हा कळेल’ हा सल्ला कधीही देऊ नये.

दुसरी पायरी: माहिती गोळा करणे

नोंद ग्राह्य धरली जाण्यासाठी किमान चार गोष्टी लागतात: ओळखता येईल असा रुग्ण, म्हणजे नावाची आद्याक्षरे आणि वय, झालेला त्रास, संशयित औषध, आणि नोंद करणाऱ्याचे नाव व संपर्क. एवढ्यावर फॉर्म जातो. पण एवढ्यावरच थांबलेला फॉर्म पुढे तपासणाऱ्याच्या फारसा उपयोगी पडत नाही, म्हणून आणखी काही विचारावे.

तारखा सर्वांत महत्त्वाच्या असतात. गोळी कधी सुरू केली, त्रास कधी सुरू झाला, गोळी कधी थांबवली आणि त्यानंतर त्रास किती दिवसांत कमी झाला, या चार तारखांवरून संबंध जुळतो की नाही हे पुष्कळदा ठरते. आपल्याकडे तारीख विचारली तर माणूस गोंधळतो, पण ‘अक्षय्य तृतीयेच्या आधी की नंतर?’, ‘बाजाराच्या दिवशी घेतली का?’ असे विचारले तर नेमके सांगतो. बाजाराचा वार कळला की बिलबुकात तारीख सापडते. याआधी हेच औषध किंवा त्याच घटकाचे दुसरे औषध घेतल्यावर असे झाले होते का, हे विचारायला विसरू नये. आबांच्या बाबतीत हाच प्रश्न मी दोनदा चुकवला.

सोबत चालू असलेली सगळी औषधे लिहावीत, आणि त्यांत यात्रेत घेतलेले गुडघ्याचे चूर्ण, गावच्या वैदूची जडीबुटी, शेजाऱ्याने दिलेली गोळी हेही यावे. ‘आणखी काही औषध घेता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर ठरलेले असते, कारण चूर्णाला कोणी औषध मानत नाही. म्हणून ‘चूर्ण, काढा, मुळी काही चालू आहे का?’ असे नाव घेऊन विचारावे. संशय आयुर्वेदिक औषधावरच असेल, तर त्यासाठी आयुष मंत्रालयाची वेगळी औषधदक्षता व्यवस्था २०१८ पासून आहे. लसीनंतरचा त्रास प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवावा.

आता बॅच नंबरबद्दल. हा रकाना मी पाहिलेल्या बहुतेक फॉर्मांवर रिकामा असतो आणि त्याचे कारण आपली कात्री आहे. गिऱ्हाईक चार गोळ्या मागते, आपण पट्टी कापतो, आणि बॅच व मुदतीची तारीख छापलेले टोक कोणाच्या तरी खिशात निघून जाते. यावर उपाय साधा आहे. पट्टी नेहमी बिनछापील टोकाकडून कापावी, छापील तुकडा शेवटपर्यंत दुकानात ठेवावा आणि कापून दिलेल्या गोळ्यांच्या पाकिटावर औषधाचे नाव, बॅच आणि मुदत पेनाने लिहावी. बिलावर बॅच टाकणे तर आपले कामच आहे, ते उधारीच्या गिऱ्हाइकासाठीही करावे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधाने लहान मुलांचे मूत्रपिंड निकामी होऊन वीसहून अधिक बालके दगावली. त्या औषधात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडले आणि शोध एका ठरावीक बॅचपर्यंत गेला. औषधाच्या दर्जाचाच असा संशय आला, तर तो माल विक्रीतून वेगळा काढून ठेवावा आणि नोंदीबरोबरच अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयालाही कळवावे.

तिसरी पायरी: फॉर्म भरणे

फॉर्म इंडियन फार्माकोपिया कमिशनच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यात रुग्ण, त्रास, औषधे आणि नोंद करणारा असे भाग आहेत. रुग्णाचे पूर्ण नाव लिहायचे नसते. रुग्णासाठी वेगळा, सोपा फॉर्म आहे आणि तो मराठीतही आहे. रुग्णाला स्वतः कळवायचे असेल, तर तो काढून द्यावा.

त्रासाचे वर्णन लिहिताना निदान लिहिण्याची घाई करू नये, दिसले आणि ऐकले ते लिहावे. ‘गोळीने ॲलर्जी झाली’ या वाक्यावरून गाझियाबादला काहीच कळत नाही. आबांच्या फॉर्मवर मी जे लिहिले त्याचा मराठी आशय असा होता: ‘५८ वर्षांचे पुरुष. जुलाबासाठी रात्री ८ वाजता एक गोळी घेतली. सुमारे चार तासांनी खालच्या ओठावर, डाव्या पंजावर आणि उजव्या जांघेत आग होऊन लाल गोल चट्टे, जांघेत फोड. ताप नाही, डोळ्यांना त्रास नाही. ओठावर आणि पंजावर जुने काळे डाग, याच घटकांच्या गोळीनंतर याआधी दोनदा त्याच जागी असाच त्रास. दुसरी गोळी घेतली नाही. डॉक्टरांनी तपासून मलम दिले. आठव्या दिवशी फोड सुकले, डाग कायम.’ औषध थांबवल्यावर त्रास कमी झाला का आणि पुन्हा घेतल्यावर परत आला का, या दोन्ही रकान्यांची उत्तरे या मजकुरात आहेत.

गंभीरतेचा रकाना नीट वाचून भरावा. मृत्यू, जीवाला धोका, रुग्णालयात दाखल होणे किंवा तेथला मुक्काम वाढणे, कायमचे अपंगत्व, बाळात जन्मजात व्यंग, किंवा वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची अन्य घटना असेल तर ती नोंद गंभीर ठरते. रुग्णाला खूप त्रास झाला म्हणून ती आपोआप गंभीर होत नाही, आणि गंभीर नाही म्हणून कळवू नये असेही नाही. माहितीतला असो वा नवा, किरकोळ असो वा मोठा, प्रत्येक संशयित त्रास कळवता येतो. औषधामुळेच झाले का, हे ठरवण्याचे काम निरीक्षण केंद्रातील तज्ज्ञ ठरलेल्या निकषांवर करतात. आपण खात्रीची वाट पाहत बसलो तर फॉर्म कधीच जाणार नाही.

चौथी पायरी: पाठवणे

भरलेला फॉर्म जवळच्या निरीक्षण केंद्राकडे देता येतो. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील औषधशास्त्र विभागात एकदा प्रत्यक्ष जाऊन औषधदक्षतेचे काम कोण पाहते आणि नोंद कशी द्यावी, हे विचारून घ्यावे. एकदा ओळख झाली की पुढचे काम फोनवर होते. ते जमत नसेल तर कार्यक्रमाचे मोबाइल ॲप आहे, ऑनलाइन नोंदीची सोय आहे, आणि १८००-१८०-३०२४ हा नि:शुल्क क्रमांक कामाच्या दिवशी सकाळी ९ ते सायंकाळी ५.३० पर्यंत चालू असतो. हा क्रमांक आणि नोंदीचा क्यूआर कोड सर्व किरकोळ आणि घाऊक औषध दुकानांत ठळकपणे लावावा, असा निर्देश २०२५ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी दिला आहे. तो कॅलेंडरच्या मागे न लावता गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर लावावा.

मनातली भीती

नव्या फार्मासिस्टाला तीन गोष्टी अडवतात: डॉक्टर रागावतील, कंपनीचा माणूस नाराज होईल, आणि आपणच चिठ्ठीशिवाय गोळी दिली होती हे उघड होईल. फॉर्मवर स्पष्ट लिहिलेले असते की नोंद करणे म्हणजे डॉक्टर, कंपनी किंवा औषध दोषी असल्याची कबुली नव्हे. रुग्णाची ओळख गुप्त ठेवली जाते. डॉक्टरांशी बोलताना सूर तक्रारीचा नसावा. ‘डॉक्टरसाहेब, तुमच्या पेशंटला गोळीनंतर चट्टे आले आहेत, मी त्यांना तुमच्याकडे पाठवतो आहे. औषधदक्षतेचा फॉर्म भरतो आहे, निदान तुम्ही सांगाल तसे लिहितो,’ असे बोललो की बहुतेक डॉक्टर साथ देतात, आणि काही तर फॉर्म पाहायला मागतात. तिसऱ्या भीतीचे उत्तर मात्र फॉर्ममध्ये नाही. शेड्यूल एच आणि एच-१ मधील औषध चिठ्ठीशिवाय न देणे हेच तिचे उत्तर आहे. माझी ओफ्लॉक्सासिनची विक्री त्या तिसऱ्या खेपेनंतर बदलली.

नोंद गेल्यानंतर

दुकानात एक साधी दोनशे पानी वही ठेवावी आणि तीत तारीख, आद्याक्षरे, मोबाइल क्रमांक, औषध, बॅच, त्रास आणि नोंदीचा मिळालेला क्रमांक लिहावा. मोबाइल क्रमांक लगेच घ्यावा, कारण धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत निघून जातात आणि मग होळीपर्यंत दिसत नाहीत. फॉर्म भरताना रुग्ण बरा झालेला नसेल, तर आठवड्याने फोन करून पुढे काय झाले ते विचारावे आणि तोच क्रमांक देऊन पुरवणी माहिती पाठवावी.

रुग्णाच्या हातात एक चिठ्ठीही द्यावी. तिच्यावर ब्रँडऐवजी घटकाचे नाव मराठीत आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहावे, काय झाले होते ते एका ओळीत लिहावे आणि ती प्रत्येक डॉक्टरला व प्रत्येक मेडिकलवाल्याला दाखवायला सांगावे. आबांची चिठ्ठी त्यांच्या सुनेने प्लास्टिकमध्ये घालून आधार कार्डासोबत ठेवली आहे. मागच्या पावसाळ्यात पुन्हा जुलाब झाले तेव्हा त्यांनी गोळी मागण्याआधी ती काउंटरवर ठेवली, आणि मी त्यांना ओआरएसची पाकिटे देऊन डॉक्टरांकडे पाठवले.